कच्च्या गेमची पारख

मे 2013 मध्ये टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने ‘अंडरटेल’ नावाच्या आपल्या गेमचा छोटासा डेमो फुकट खुला केला. दिसायला तो अगदी साधा होता. जुन्या टीव्ही-गेमसारखी ठोकळेबाज चित्रं, लढाई सुरू झाली की काळी पाटी, पाटीवर पांढऱ्या रेषा आणि चौकटीत एक इवलंसं लाल बदाम. पण थोडा वेळ खेळलं की एक गोष्ट लक्षात यायची. समोरच्या राक्षसाला मारलंच पाहिजे असं इथे नाही. त्याच्याशी बोलता येतं, त्याचं कौतुक करता येतं, त्याला सोडून देता येतं. तोवर त्याचे वार चुकवत तग धरायचा, हीच लढाई. पुढच्याच महिन्यात फॉक्सने किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवण्याच्या संकेतस्थळावर 5,000 डॉलर मागितले आणि लोकांनी 51,000 हून जास्त दिले. पूर्ण गेम सप्टेंबर 2015 मध्ये आला, ठरल्यापेक्षा वर्षभराहून उशिरा. पण डेमो खेळलेल्यांना त्यातलं मर्म दोन वर्षांपूर्वीच हाती लागलं होतं.

आता दुसरं उदाहरण. जानेवारी 2021 मध्ये ‘द डे बिफोर’ या गेमचा ट्रेलर आला. उजाड झालेलं अमेरिकन शहर, ओल्या रस्त्यांवर पडलेला उजेड, झोंबींच्या झुंडी आणि हजारो खेळाडू एकत्र वावरतील असं भलंमोठं जग. पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात लोकांनी सर्वाधिक विशलिस्ट केलेल्या, म्हणजे घ्यायच्या यादीत टाकलेल्या, आगामी गेममध्ये तो बराच काळ वरच्या जागी होता. तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. शेवटी 7 डिसेंबर 2023 ला तो अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच, विकायला आला, आणि ट्रेलरमधलं जग त्यात नाही हे खेळाडूंच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. 11 डिसेंबरला, म्हणजे चारच दिवसांनी, स्टुडिओने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या महिन्यात सर्व्हरही बंद पडले. स्टीमवर ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांना पैसे परत मिळाले, एवढाच दिलासा.

दोन्ही वेळा लोकांपुढे अपुराच गेम होता. एक मात्र हातात घेऊन खेळता येत होता आणि दुसरा फक्त बघता येत होता. एवढी वर्षं नवे, कच्चे इंडी गेम, म्हणजे मोठ्या कंपनीविना छोट्या चमूने केलेले गेम, शोधून खेळताना मी एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली आहे: या गेममध्ये आज, आत्ता काय खेळता येतं, त्यावरच मत बनवायचं. पुढे काय येणार आहे त्याचं वर्णन कितीही सुंदर असलं तरी ते हिशेबात धरायचं नाही.

सांगायला हे सोपं आहे. करताना अवघड जातं, कारण कच्चा गेम वाचता यावा लागतो. ते वाचन कसं करायचं, त्याबद्दल हा लेख.

आधी एक आकडा. 2024 या एका वर्षात स्टीमवर 18 हजारांहून जास्त नवे गेम आले. दिवसाला साधारण पन्नास. 2017 पासून स्टीमवर गेम ठेवायला 100 डॉलर शुल्क भरलं की पुरतं. एकट्याने किंवा चारपाच जणांनी घरबसल्या केलेल्या गेमसाठी ही फार मोलाची सोय आहे. पण या गर्दीतून चांगला गेम वर कसा यायचा? गेमची समीक्षा करणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांना इतकं सगळं खेळून पाहणं शक्यच नाही. म्हणून इंडी गेमच्या बाबतीत सामान्य खेळाडूच पहिला परीक्षक असतो. त्याने केलेली विशलिस्ट, मित्राला पाठवलेली लिंक, डेमो खेळून कळवलेली त्रुटी यांवर काही वेळा त्या गेमचं पूर्ण होणं न होणं अवलंबून असतं. त्यामुळे ही पारख मला महत्त्वाची वाटते.

तालमीतलं नाटक

नाटकाची तालीम पाहिली असेल तर कच्चा गेम समजायला वेळ लागत नाही. तालमीच्या हॉलमध्ये दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या की तो दरवाजा. बाकावर चादर टाकली की पलंग. प्रकाशयोजना नाही, रंगभूषा नाही, नट घरच्या कपड्यांत. तरीही जाणता माणूस अर्ध्या तासात सांगतो की नाटक उभं राहतंय की नाही. तो नेपथ्य पाहत नाही. दोन पात्रांमध्ये काहीतरी घडतंय का, एवढंच पाहतो.

गेमच्या या अवस्थेला प्रोटोटाइप म्हणतात. त्यात भिंती म्हणजे राखाडी ठोकळे, नायक म्हणजे चालणारी गोळी, शत्रू म्हणजे लाल चौकोन. अशा कोऱ्या ठोकळ्यांच्या पातळीला या धंद्यात ग्रेबॉक्स म्हणतात. इथे एकाच प्रश्नाचं उत्तर शोधलं जातं: हे करायला मजा येते का? उडी मारताना, फेकताना, पकडताना बोटांना बरं वाटतं का? ठोकळ्यांशी खेळताना मजा येत नसेल, तर पुढे सुंदर चित्रं चढवूनही ती येण्याची शक्यता कमीच.

बरेच गेम जन्मतात गेम जॅममध्ये. दोन-तीन दिवसांत, दिलेल्या विषयावर गेम करायची ही स्पर्धा. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांशी तिचं जवळचं नातं आहे असं मला वाटतं. वेळ कमी, साधनं कमी, म्हणून एकच कल्पना धारदार करावी लागते. मग एखादी एकांकिका इतकी रंगते की तिचं पुढे दोन अंकी नाटक होतं. ‘सेलेस्ट’ या डोंगर चढणाऱ्या मुलीच्या गेमचं असंच झालं. 2015 मध्ये दोघांनी चार दिवसांत एक चिमुकला गेम केला. त्यात उडी, हवेत झेप आणि भिंतीला पाय लावून उडी, एवढंच होतं. जानेवारी 2018 मध्ये पूर्ण गेम आला, तेव्हा चित्रं, संगीत, कथा सगळं नवं होतं. बोटांना जाणवणारी ती झेप मात्र जुनीच होती.

प्रोटोटाइप सहसा आपल्यापर्यंत पोचत नाही. आपल्याला बहुतेक वेळा दिसतो तो त्यापुढचा टप्पा, व्हर्टिकल स्लाइस. बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट आठवा. इमारतीचा अजून नुसता सांगाडा उभा असतो, पण एक फ्लॅट आतून पूर्ण सजवलेला असतो: फरशी, दिवे, पडदे, टेबलावर फुलदाणीसुद्धा. व्हर्टिकल स्लाइस म्हणजे गेमचा तसा फ्लॅट. दहा-वीस मिनिटांचा एक भाग अंतिम दर्जाची चित्रं, आवाज, खेळ घालून पूर्ण केलेला. प्रकाशकाला किंवा पैसे लावणाऱ्याला तो दाखवतात. यात फसवणूक काही नाही. सगळे भाग एकत्र आल्यावर गेम कसा लागेल, ते खुद्द करणाऱ्यांनाही त्यातूनच कळतं. पण सॅम्पल फ्लॅट पाहून आपण जसं विचारतो की बाकीचे मजले कधी, पाण्याची सोय काय, तसंच इथेही विचारायला हवं. असा एक तुकडा सहा महिन्यांत झाला असेल आणि गेममध्ये तसे चाळीस तुकडे लागणार असतील, तर हिशेब आपल्यालाही करता येतो.

त्यापुढचे अल्फा आणि बीटा हे शब्द प्रत्येक स्टुडिओ आपापल्या परीने वापरतो. ढोबळमानाने, अल्फामध्ये खेळाची सगळी अंगं आलेली असतात पण आतला ऐवज (पातळ्या, पात्रं, कथा) अपुरा असतो, आणि बीटामध्ये तोही असतो, फक्त दोष काढायचे राहिलेले असतात. शब्दावर फार विसंबू नये.

क्रियापद शोधा

डेमो उघडला की मी पहिल्यांदा गेमचं क्रियापद शोधते. यात माणूस सतत काय करतो? उडी मारतो, पेरतो, लपतो, जोडतो, पत्ते टाकतो? आणि ती क्रिया पुन्हा करावीशी वाटते का? गेम करणारे याला कोअर लूप म्हणतात. कृती, तिचं फळ, त्या फळामुळे पुढच्या कृतीत पडलेला फरक, आणि पुन्हा कृती. दहा तासांच्या किंवा शंभर तासांच्या गेममध्येही हे चक्र बहुधा काही मिनिटांचंच असतं. त्यामुळे ते डेमोत पूर्ण दिसतं. कथा कशी संपेल हे डेमोवरून सांगता येत नाही, जग किती मोठं आहे तेही नाही. चक्र फिरतंय की अडखळतंय, हे मात्र पक्कं सांगता येतं.

‘बलाट्रो’ हे अलीकडचं उत्तम उदाहरण. कॅनडातल्या एकाच माणसाने केलेला पत्त्यांचा गेम. तो स्वतःचं खरं नावही सांगत नाही, लोकलथंक हे टोपणनाव वापरतो. पोकरचे हात लावायचे, गुण मिळवायचे, मिळालेल्या पैशांतून विचित्र जोकर विकत घ्यायचे. हे जोकर गुणांचा हिशेबच उलटापालटा करतात. जोडीला जास्त गुण, बदामला दुप्पट, असं काहीबाही. 2023 मध्ये त्याचा डेमो आला आणि लोक तो डेमोच तासन् तास खेळत बसले. फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्ण गेम आला आणि महिन्याभरात त्याच्या दहा लाख प्रती विकल्या गेल्या. ट्रेलरमध्ये दाखवण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. पत्ते, आकडे, हिरव्या-लाल रंगांची भोवरेदार पार्श्वभूमी. सगळं होतं ते त्या चक्रात.

क्रियापद पाहताना एक छोटी युक्ती करते, ती सांगते. मी मुद्दाम चुकीचं वागून पाहते. गेम ज्या दिशेला जा म्हणतो तिच्या उलट जाते, शिकवणीचा मजकूर न वाचता पुढे सरकते, भिंतीवर आपटून पाहते, हरते. हरल्यावर पुन्हा सुरुवात करायला किती वेळ लागतो आणि तेव्हा मनात काय येतं, ते वहीत लिहून ठेवते. “अरे, आत्ता कळलं, अजून एकदा” असं वाटलं तर गेममध्ये जीव आहे. “हे माझ्या चुकीमुळे झालं नाही” असं वाटलं तर कुठेतरी गेम खेळणाऱ्याशी नीट बोलत नाही.

इथे दोन प्रकारचे दोष वेगळे ओळखावे लागतात. पात्र जमिनीत रुतलं, आवाज अचानक बंद पडला, अक्षरं चौकटीबाहेर गेली, असे दोष अपुऱ्या गेममध्ये असायचेच. ते सुटतात. पण नेम धरण्यात मजाच नाही, निर्णय घ्यायला काही उरतच नाही, एकच डावपेच सगळीकडे चालतो, असे दोष मुळातले. अननुभवी खेळाडू पहिल्या प्रकारावर रागावतो आणि दुसऱ्या प्रकाराकडे “पुढे सुधारेल” म्हणून काणाडोळा करतो. खरं तर उलट करायला हवं.

प्रयोगागणिक बसत जाणारा गेम

आता अर्ली ॲक्सेस. पूर्ण न झालेला गेम पैसे घेऊन विकायचा आणि खेळणाऱ्यांच्या साथीने पुरा करायचा, ही ती पद्धत. ‘माइनक्राफ्ट’ने ती लोकांच्या अंगवळणी पाडली. मे 2009 मध्ये त्याची पहिली कच्ची आवृत्ती लोकांपुढे आली, लगेच पुढच्या महिन्यात कमी किमतीत विक्री सुरू झाली, आणि पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर 2011 ची. तोवर लाखो लोक तो खेळत होते. मार्च 2013 मध्ये स्टीमने यासाठी स्वतंत्र सोय केली, तिचंच नाव अर्ली ॲक्सेस.

ही पद्धत नीट राबवली तर काय होतं, ते ‘स्ले द स्पायर’मध्ये दिसतं. त्यावर थोडं थांबते, कारण कच्च्या गेमबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंचसं याच गेमने शिकवलं.

सिॲटलच्या मेगा क्रिट या स्टुडिओतल्या दोन मित्रांचा हा गेम. पत्त्यांची गड्डी जमवत मनोरा चढायचा. नोव्हेंबर 2017 मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला तेव्हा निवडायला दोनच पात्रं होती. पहिल्या काही आठवड्यांत विक्रीही बेताचीच होती. पण गेमचं क्रियापद पक्कं होतं. शत्रू पुढच्या खेपेला काय करणार आहे ते त्याच्या डोक्यावर चिन्हाने दिसतं: तो वार करणार, किती जोराचा, की बचाव करणार. ते पाहून हातातल्या पाच पत्त्यांतून मार्ग काढायचा. नशिबाचा भाग पत्ते येण्यात, पण समोरचं संकट लपवलेलं नाही. त्यामुळे हरलं की चूक आपली असते आणि ती आपल्याला कळते. हे पहिल्या दिवसापासून होतं.

त्यानंतरच्या वर्षभरात त्यांनी जवळपास दर आठवड्याला बदल केले. कुठला पत्ता लोक उचलतात, कुठला कधीच उचलत नाहीत, कोणत्या शत्रूपुढे जास्त हार होते, याची माहिती ते हजारो डावांतून गोळा करत आणि त्यानुसार आकडे वरखाली करत. खेळाडूंचं म्हणणं ऐकत आणि आकड्यांशी ताडून पाहत. एखादा पत्ता फार कमजोर आहे अशी ओरड असली, तरी तो घेणारे जास्त वेळा जिंकतात असं आकडे सांगत असतील, तर प्रश्न पत्त्याच्या ताकदीचा नसतो, तो कसा दिसतो-वाटतो याचा असतो. तिसरं पात्र अर्ली ॲक्सेसमध्येच आलं. जानेवारी 2019 मध्ये गेम पूर्ण झाला, आणि पत्त्यांच्या गड्डीभोवती फिरणाऱ्या गेमची एक आख्खी पिढी त्याच्यामागून आली. त्यातलं नाव वर येऊन गेलंच, बलाट्रो.

मराठी नाटकवाल्यांना हे नवं वाटणार नाही. नाटक प्रयोगागणिक बसत जातं असं म्हणतातच. हशा कुठे येतो, प्रेक्षक कुठे चुळबुळतो, हे पाहून संवाद कापले जातात, जागा बदलल्या जातात. फक्त त्यासाठी पहिल्या प्रयोगाला नाटकाचा कणा तयार असावा लागतो.

कथेवर उभ्या असलेल्या गेमला ही पद्धत सहसा सोसत नाही, कारण शेवट माहीत नसलेली गोष्ट अर्धी वाचून लोक निघून जातात. ‘हेडीस’ने यावर सुंदर तोडगा काढला. ग्रीक पुराणातला यमाचा मुलगा पाताळातून पळायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, मरतो आणि घरी परततो. प्रत्येक परतीला घरातली माणसं काहीतरी नवं बोलतात. मरणं हाच गोष्ट पुढे सरकण्याचा मार्ग असल्याने अपुऱ्या गेममध्येही कथा तुटल्यासारखी वाटली नाही. डिसेंबर 2018 मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला, आणि कथेचा खरा शेवट राखून ठेवला तो सप्टेंबर 2020 च्या पूर्ण आवृत्तीसाठी. उलट, एरिक बॅरोनने ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने सुमारे साडेचार वर्षं करूनही अर्ली ॲक्सेसची वाट घेतली नाही. पूर्ण झाल्यावरच, फेब्रुवारी 2016 मध्ये, लोकांसमोर ठेवला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते. अर्ली ॲक्सेस आहे म्हणून गेम कमअस्सल ठरत नाही, आणि नाही म्हणून खात्रीचाही ठरत नाही.

विकत घेण्याआधी स्टीमच्या पानावरची निळी चौकट मात्र वाचाच. तिथे गेम करणाऱ्यांना ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: अर्ली ॲक्सेस का, किती काळ, पूर्ण गेम आजच्यापेक्षा वेगळा कसा असेल, आज त्यात काय आहे, पुढे किंमत वाढणार का, आणि खेळाडूंना यात कसं सामील करून घेणार. मी आधी “आज त्यात काय आहे” हे उत्तर वाचते. तिथे मोजता येतील अशा गोष्टी असाव्यात: तीन प्रदेश, साठ पत्ते, साधारण आठ तासांचा खेळ. त्याजागी “एक विलक्षण अनुभव” अशी विशेषणं असतील, तर मी थांबते. मग “का” वाचते. “आम्हाला तोल साधायला हजारो डाव लागतील” हे कारण पटतं. “काम पुढे चालवायला पैसे हवेत” एवढंच कारण असेल, तर त्या माणसांबद्दल सहानुभूती वाटते, पण विक्री कमी झाली तर गेम तिथेच थांबणार हेही उघड असतं. गेम करणाऱ्यांना स्टीमचाही सल्ला हाच आहे: विक्री अगदी थोडी झाली तरी काम पुरं करता येणार असेल तरच या वाटेला या. आणि आपल्यासाठीही त्याच चौकटीत लिहिलेलं असतं की आज जो गेम आहे तो खेळायचा उत्साह नसेल, तर वाट पाहा.

त्यानंतर बदलांची नोंद पाहावी. शेवटचा बदल कधीचा आहे? दोन नोंदींमध्ये किती अंतर पडतं? वर्षभराहून जास्त काळ बदल नसेल तर 2025 पासून स्टीम स्वतःच पानावर तशी सूचना दाखवतं. नोंदींची भाषाही बरंच सांगते. प्रागच्या वुब सॉफ्टवेअरने ‘फॅक्टोरिओ’ करताना दर शुक्रवारी एक लेख लिहिण्याचा परिपाठ ठेवला होता. आगगाडीचे रूळ वळवताना काय अडलं, पट्ट्यांवरून माल सरकवण्याचं गणित हलकं कसं केलं, कुठली कल्पना का सोडली, असं सगळं त्यात असे. ते लेख वाचणाऱ्याला गेम पूर्ण होईल का हा प्रश्न पडतच नसे, कारण काम डोळ्यांसमोर होत होतं. 2016 मध्ये स्टीमवर आलेला हा गेम ऑगस्ट 2020 मध्ये पूर्ण झाला. त्याची किंमत कधी सवलतीत उतरली नाही, उलट कामाबरोबर वाढली. तरी लोकांनी तो घेतला.

माणसं आणि वेळ

गेम मागे पडण्याची कारणं खेळाडूंना आळस वाटतात. वास्तव बहुतेक वेळा वेगळं असतं. 2011 मध्ये ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ करणाऱ्यांच्या घरी चोरी झाली, लॅपटॉप गेले आणि त्यांबरोबर बरंच काम गेलं. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटी या गेम-इंजिनच्या, म्हणजे गेम ज्यावर बांधतात त्या तयार सॉफ्टवेअरच्या, कंपनीने दर इन्स्टॉलमागे शुल्क लावायची घोषणा केली, तेव्हा मेगा क्रिटने ‘स्ले द स्पायर’च्या दुसऱ्या भागाचं दोन वर्षांहून जास्त काम उचलून गोडो या मुक्त इंजिनात नेलं. ते शुल्क वर्षभराने रद्द झालं, पण तोवर कितीतरी छोट्या चमूंचं वेळापत्रक विस्कटलं होतं.

त्यामुळे उशीर हा एकटा दोष मी मानत नाही. ॲडलेडच्या टीम चेरीने ‘सिल्कसाँग’ 2019 मध्ये जाहीर केला आणि तो सप्टेंबर 2025 मध्ये आला. मधली काही वर्षं जवळजवळ शांतता होती. पण आधीचा ‘हॉलो नाइट’ हा गेम पुरा करून दाखवलेल्या माणसांची शांतता आणि काहीच पुरं न केलेल्यांची शांतता यांत फरक करायला हवा. मला जास्त काळजी वाटते ती माणसं आणि वचनं यांच्या प्रमाणाची. तिघांचा चमू, आणि यादीत खुलं जग, ऑनलाइन खेळ, घरबांधणी, हवामान, बोलणारी शेकडो पात्रं. यातली प्रत्येक गोष्ट एकेका चमूचं वर्षाचं काम आहे. उलट, “आम्ही दोन बेटं करतोय, तिसरं करणार नाही” असं लिहिणारा चमू दिसला की माझा विश्वास वाढतो.

आपल्या जवळचं एक उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम करायला घेतला. बालिकेच्या रूपातली नायिका, राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैलीची छटा, दुर्गा आणि विष्णूच्या कथा. 2017 मध्ये त्यांची किकस्टार्टर मोहीम उद्दिष्टापर्यंत पोचली नाही. तेवढ्यावर निकाल लावला असता तर तो चुकला असता. ऑगस्ट 2020 मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. गेम आटोपशीर आहे, शेवट घाईत आल्यासारखा वाटतो, असं अनेक समीक्षकांनी लिहिलं, आणि मलाही तसंच वाटलं. पण भिंतीवर धावत जाऊन खांबावरून उलटी उडी घेताना अंगात जी वीज खेळते, ती पहिल्या झलकीतही होती. गोव्यातून काम करणाऱ्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हच्या ‘फरगॉटन फील्ड्स’चा वेग अगदी उलटा: संथ, गप्पांचा, समुद्रकाठचा. त्याला राजीची फूटपट्टी लावून चालणार नाही. तिथे क्रियापदच वेगळं, आठवणं.

आपण लिहितो तेव्हा

कच्चा गेम खेळून कुणी मित्रांसाठी दोन ओळी लिहितं, कुणी व्हिडिओ करतं. त्यात तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक द्यायला विसरू नका. मार्चमध्ये खेळलेला गेम जूनमध्ये तोच राहत नाही, आणि तुमची जुनी तक्रार त्याला उगाच चिकटून बसते. किती वेळ खेळलात, कोणत्या लॅपटॉपवर, हेही लिहा. महाराष्ट्रात कितीतरी मुलं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर खेळतात, त्यांना ही एक ओळ दहा विशेषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते. पाचपैकी किती तारे, ते पूर्ण गेमसाठी राखून ठेवा.

करणाऱ्यांना कळवताना उपाय सुचवण्याआधी घटना सांगा. “उडीची उंची वाढवा” यापेक्षा “दुसऱ्या पुलावर मी सात वेळा पडले, पाचव्या वेळी कळलं की कडा दिसतच नव्हती” हे त्यांना जास्त कामाचं. उडी बरोबर असेल आणि चूक प्रकाशाची असेल, ते शोधणं त्यांचं काम आहे आणि ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

हे सगळं करून पाहायची सोपी जागा म्हणजे स्टीमचा नेक्स्ट फेस्ट. वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, आठवडाभर येऊ घातलेल्या गेमचे हजारो डेमो तिथे फुकट मिळतात. मी त्या आठवड्यात दहाच निवडते आणि प्रत्येकाला निदान पाऊण तास देते. जे विकत घ्यावे लागतात त्यांच्यासाठी स्टीमचा नियम लक्षात ठेवते: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात.

‘स्ले द स्पायर’ पूर्ण झाला तेव्हा त्याच्या पत्त्यांवर नीटस चित्रं आली. पण करणाऱ्यांनी सुरुवातीची चित्रं टाकून दिली नाहीत. घाईघाईत गिरवलेल्या काडीच्या बाहुल्या, वेड्यावाकड्या तलवारी, मुलाने पाटीवर काढावीत तशी. खेळत गेलं की ती मिळतात आणि पत्त्याच्या पानावरचं एक बटण दाबलं की नव्या चित्राच्या जागी जुनं येतं. माझ्या गड्डीत मी तीच लावून ठेवली आहेत.